चौथ्या वॉलचे चिंचोके

दुसऱ्या कोरड्या सालात मी रोज सकाळी पाण्याच्या पाइपाचा एक सुका वॉल उघडायचो आन बंद करायचो. माझ्याच गल्लीचा वॉल. त्याच्यातून पाणी येणार न्हाई हे मला मालूम व्हतं. तरी चावी लावायची, अडीच फेरे फिरवायचे, बाजूच्या दगडावर बसून एक बिडी ओढायची, आन पुन्हा अडीच फेरे उलटे. कोणी इचारलं आसतं, "काय करून राहिला?" तर सांगितलं आसतं, "नोकरी." पण कोणी इचारलं न्हाई.

मी शाळा शिकलेलो न्हाई. एक दिवस गेलतो. मास्तर म्हणले हात पुढं कर, म्या दोन्ही केले, त्यांनी दोन्हीवर छडी मारली. मंग म्या पाय बाहेर काढला तो काढलाच. आता हे नात लिहून घेऊन राहिली, मी बोलतोय. ती म्हणती, आजोबा, खरं खरं सांगा. म्हणून सांगतो.

देवणी आन मुखेडच्या मधी आमचं गाव. जिल्हा नवा झाला आन आम्ही लातुरात गेलो. गाव जागचं हललं न्हाई, फक्त कागद हलले. नव्या जिल्ह्याच्या पाट्यांचा रंग वाळायच्या आत नवे छापील कागद आले. पंचायतीत मी वॉलमन व्हतो, तर माझ्या नावानं बी एक रजिस्टर आलं. रोजची एक ओळ, ओळीत चार चौकटी, कारण गावात वॉल चार. पाटीलगल्ली, बाजारगल्ली, मारुतीची गल्ली आन आमची वस्ती. आम्ही बौद्ध, आमची घरं गावाच्या शेवटाला, पाइप बी तिथंच सरतो.

ग्रामसेवकानं पहिल्या दिवशी सांगितलं, "मामा, वॉल सोडला की चौकटीत फुली मारायची. येती का फुली?"

म्या म्हणलं, "दोन काड्या आडव्या टाकल्या की झाली. चुलीत रोज टाकतो."

चांगल्या सालात टाकी भरायची तर चारी गल्ल्यांना पाणी जायचं. कोरडं साल आलं, बोअर खाली गेलं. टाकी अर्धी बी भरंना. पाणी दुसऱ्या गल्लीपर्यंत जायचं, लईच झालं तर तिसऱ्या. चौथा वॉल मी उघडायचो, नळ निस्ता फुसफुसायचा. पहिले काही दिवस वस्तीतल्या बाया घागरी मांडून बसल्या. मंग दोघी-तिघी. मंग कोणीच न्हाई. माझी घरची आन बाकीच्या बाया पहाट फुटली की नदीच्या वाळूत झरे खणायला जायच्या, वाटीवाटीनं घागर भरायच्या. मी तिकडं गावाला पाणी सोडून घरी यायचो आन तिच्या घागरीतलं पाणी प्यायचो.

आन फुल्या? चारी मारायचो. वॉल तर उघडलाच व्हता ना. पहिल्या महिन्यात ते ग्रामसेवकाच्या सांगण्यावरून व्हतं. पुढं ते खोटं हाय हे मला समजत व्हतं. पण तीन चौकटी भरलेल्या आन एक रिकामी, हे कसंतरीच दिसायचं, तोंडातला एक दात पडल्यावानी. मंग मी भरून टाकायचो.

वस्तीतल्या बायांनी टँकरसाठी अर्ज केला. सगळ्यांचे अंगठे, घरचीचा बी. दीड महिन्यानं तहसीलमधून उत्तर आलं. ग्रामसेवकानं पंचायतीच्या पायरीवर उभं राहून वाचून दाखवलं: रजिस्टरप्रमाणे वस्तीस दररोज पाणी सोडल्याची नोंद आहे, सबब टँकर मंजूर करता येत नाही.

बाया उठून गेल्या. घरी आल्यावर घरचीनं भाकर वाढली आन म्हणली, "रोज पाणी येतंय म्हणं आपल्या गल्लीत. कुठं साठवून ठिवलंय, जरा बगा की घरात."

म्या म्हणलं, "उतरंडीत बघतो."

ती हासली न्हाई. मी बी न्हाई. भाकर खाल्ली. त्या दिसांत मला काही वाटायचंच बंद झालतं. राग न्हाई, लाज न्हाई. हात बधिर झाला की चिमटा काढला तरी समजत न्हाई, तसं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौथी फुली मारली.

तेवढ्यात एक सर आले. नांदेडच्या कॉलेजात शिकवायचे. त्यांची बहीण आमच्या बाजारगल्लीत दिलेली. सर मोठी पदवी करून राहिले व्हते, कंप्युटरची. आमच्या गावात तवा कंप्युटर म्हणजे काय हे फक्त त्यांच्या बहिणीला मालूम व्हतं, आन तिला बी न्हाई. सर उन्हाळ्याच्या सुट्टीत मुखेडवरून एसटीनं आले आन पंचायतीत येऊन मला म्हणले, "मामा, तुमचं काम मला समजून घ्यायचंय."

"माझं काम? सर, म्हशीला बी येईल."

"तेच पाहिजे. म्हशीला सांगता येईल इतकं सोपं करून सांगा. कंप्युटर म्हशीपेक्षा मठ्ठ असतो."

मला हे आवडलं. म्या इचारलं, "कुठं हाय तो कंप्युटर?"

"हैद्राबादला. एका खोलीएवढा."

"त्याला बी वॉलमन लागतो का?"

"लागतो की. पण तो वॉलमन आधी कागदावर काम करतो. काम करून बघायच्या आधी कागदावर सिद्ध करायचं, की हे कुठं अडकणार न्हाई. कोणी कायमचा बाजूला पडणार न्हाई. माझा अभ्यास तोच."

त्यांनी पंचायतीच्या शहाबादी फरशीवर खडूनं गोल काढले. एक टाकीचा, चार गल्ल्यांचे, आन एकेका वॉलपाशी माझा उभं राहायचा गोल. गोलांच्या मधी आडव्या रेघा. बहिणीच्या घरून मूठभर चिंचोके आणले व्हते. एक चिंचोका म्हणजे टाकीतलं एका गल्लीपुरतं पाणी. आन एक चिंचोका म्हणजे मी.

"सर, माझ्यासाठी किडका घ्या," म्या म्हणलं.

खेळ सोपा व्हता. आडवी रेघ ओलांडायची तर आधीच्या सगळ्या गोलांत चिंचोका पाहिजे. टाकीत पाणी पाहिजे आन वॉलपाशी मी पाहिजे. दोन्ही आसले तर त्या गल्लीत एक चिंचोका जातो आन मी पुढं सरकतो. एक बी नसंल तर रेघ ओलांडता येत न्हाई.

"आता सांगा. सकाळी कुठून सुरू करता?"

"गावाच्या तोंडापासून. पाटीलगल्ली."

"टाकी मधीच सरली तर?"

"तर सरली. दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी कुठून?"

"तोंडापासून."

सरांनी खडू थांबवला. "जिथं राहिलं तिथून न्हाई?"

"न्हाई. दिवस उजाडला की वरून. मला चावी देणाऱ्या म्हाताऱ्यानं तसंच शिकवलं. त्याला त्याच्या आधीच्यानं."

सरांनी टाकीत दोन चिंचोके ठिवले. मी म्हणजे किडका चिंचोका, पहिल्या वॉलवर. एक गेला. दुसऱ्यावर. दुसरा गेला. तिसऱ्यावर मी उभा, टाकी रिकामी. दिवस उजाडला, मी पुन्हा पहिल्यावर. सरांनी टाकीत तीन ठिवले. तिसरी गल्ली मिळाली. चौथ्यावर मी उभा, टाकी रिकामी. पुन्हा पहिल्यावर. त्यांनी वीस-पंचवीस दिवस असं खेळून बघितलं. फरशीवर तीन गोलांत चिंचोक्यांचे ढीग झाले. चौथा गोल फरशीसारखाच रिकामा व्हता.

"टाकी पूर्ण भरली न्हाई तर इथं कधीच जाणार न्हाई," सर म्हणले. "दोन दिवसांनी न्हाई, दोन वर्षांनी बी न्हाई. आमच्या शास्त्रात याला उपासमार म्हणतात. कुणाची चूक नसते. नियमच तसा असतो. चांगल्या सालात दिसत न्हाई." मंग त्यांनी इचारलं, "कोण राहतं इथं?"

"मी," म्या म्हणलं.

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला उठलो, मंग बसलो. घरी व्हतं कुठं.

मंग त्यांना रजिस्टर दाखवलं. चारी चौकटी, सगळ्या फुल्या. त्यांनी रजिस्टर बघितलं, फरशी बघितली. म्हणले, "वॉल उघडणं एक गोष्ट. पाणी येणं दुसरी. त्याला दोन गोल पाहिजेत. कागद छापणाऱ्यानं एकच चौकट ठेवली. आन तहसीलनं ह्याच फुल्यांवर टँकर नाकारला?"

"हाव."

"मामा, मी हे साहेबांना दाखवू शकतो. पण चिंचोके सांगतील की पाणी जाऊच शकत न्हाई, आन तुमची फुली सांगंल की गेलं. मधी तुम्ही अडकाल. फुली खोटी व्हती म्हणावं लागंल. चावी जाईल कदाचित."

नात इचारती, तवा मनात काय आलं? काही आलं न्हाई. मला वाटतं लोक आसं ठरवतात-बिरवतात ते दुसऱ्यांना सांगण्यापुरतं. मी काही ठरवलं न्हाई. सकाळी चारी वॉल केले, एसटी आली, सर चढले, मी बी चढलो.

तहसीलमधी साहेब नवीनच व्हते. टेबलावर काच. सरांनी कागदावर तेच गोल काढले आन खिशातून चिंचोके काढले. साहेब बघतच राहिले.

"सर, आपण कॉलेजात शिकवता ना? का बालवाडीत?"

"तुम्हीच खेळून बघा साहेब. वस्तीत एक चिंचोका नेऊन दाखवा, मी उठून जातो."

साहेबांनी आधी मला बघितलं. आम्ही नेलेलं रजिस्टर पुढं केलं. आमचा ग्रामसेवक त्या दिवशी तिथंच व्हता, भिंतीला टेकून. "ह्या फुल्या तुझ्या?"

"हाव साहेब. एवढी वाकडी फुली दुसरं कोण काढंल."

कारकून हासले.

"वस्तीत पाणी आलं व्हतं?"

"न्हाई."

"मग फुली का मारलीस?"

ग्रामसेवक माझ्याकडं बघत व्हता. त्याला वाटलं मी त्याचं नाव सांगतो. म्या म्हणलं, "चौकट रिकामी बरी दिसंना साहेब."

आता तर सगळं दफ्तर हासलं. गावात बी मला सगळे चेष्टेखोर म्हणूनच वळखायचे, खरं बोललो तरी लोक हासायचे. साहेब म्हणले, "चेष्टा नको. आलं होतं का न्हाई?"

"न्हाई साहेब. चांगल्या सालात यायचं. मंग कधीच न्हाई. मी रोज फुली मारली. माझ्या घरात न्हाई तर मला माहीत न्हाई का?"

कोणी हासलं न्हाई. साहेबांनी मान हलवली आन चिंचोके वढून घेतले. त्यांनी लई तऱ्हेनं खेळून बघितलं. बाजारगल्लीत थोडं कमी सोडलं तर. पाटीलगल्ली लवकर बंद केली तर. अर्धा चिंचोका चालंल का, म्हणले. सर म्हणले, चालंल, पण वस्तीला तेवढाच अर्धा, आन तो बी कधीतरी. नियम बदलल्याशिवाय मार्ग न्हाई. मंग सरांनी कागदावर आणखी गोल काढले, चावीवाल्यानं काल कुठं थांबलो ते ध्यानात ठिवायचे. सकाळी किडका चिंचोका तोंडापासून न्हाई, त्या गोलापासून निघाला. दोन दिवसांत चौथ्या गोलात पहिला दाणा पडला. साहेबांनी तो दाणा बोटानं दाबून बघितला.

त्यांनी चहा मागवला. मला बी. मंग लिहिलं: टाकी भरेपर्यंत वस्तीस टँकर, पाणी वाटप जिथं थांबलं तिथून पुढं, रजिस्टरात दोन रकाने, वॉल उघडला आणि पाणी आलं. आन शेवटची ओळ: खोटी नोंद केल्याबद्दल वॉलमन कामावरून कमी.

एसटीच्या थांब्यावर सर म्हणले, "मामा, मला माफ करा."

"कामून सर? तुमच्या चिंचोक्यानं मला दोन रेघांत पकडलं. माझ्या घरचीला दोन सालं लागली."

सरांनी तोंड फिरवलं. मी बिडी पेटवली. घरी जाऊन काय सांगायचं ह्याचा इचार करावा म्हणलं, पण डोक्यात काही येत न्हव्हतं, तर बिडीच वढत बसलो.

चावी दुसऱ्या माणसाला दिली, मारुतीच्या गल्लीतल्या. टँकर यायच्या आधीच त्याची पाळी आमच्या वस्तीवर आली, आदल्या दिवशी तिथंच थांबलं व्हतं म्हणून. नळाला आधी तांबडं आलं, मंग गढूळ, मंग साफ. बाया पळत आल्या, आरडाओरडा, "माझी घागर आधी व्हती!" "गं, सरक की!" मी बी घागर घेऊन लायनीत उभा राहिलो. शेजारची म्हणली, "अवो भावजी, तुम्ही कुठं ह्या लायनीत?" म्या म्हणलं, "बदली झाली."

घरचीनं पहिली घागर चुलीपाशी न्हेली न्हाई. दारातल्या दगडावर माझ्या मायला आणून बसवलं. माय म्हातारी, डोळ्यांनी कमी झालेली, त्या उन्हाळ्यात तिच्या अंगावर ओला फडका फिरायचा तेवढाच. घरचीनं तांब्या भरून डोक्यावर वतला. माय दचकली.

"कोण मेलं गं?"

"कोणी न्हाई आत्या."

"मंग एवढं पाणी?"

मी दारात उभा व्हतो. म्या म्हणलं, "माय, माझी नोकरी गेली."

"गेली का," माय म्हणली. तिनं तोंडावरचं पाणी हातानं पुसलं, मंग तोच हात चाटला. "गोड हाय."

घरचीनं माझ्याकडं बघितलं न्हाई. "मान खाली घ्या आत्या," ती म्हणली, आन दुसरा तांब्या भरला.