बॅटरीची नाडी बघणाऱ्या ताई

"मेली? मेली कशावरून? नाडी बघितली का?"

आमच्या यार्डात कुणी धावत येऊन 'ताई, बॅटरी मेली' असं सांगितलं की त्यांचं हे ठरलेलं उत्तर. हातातला चहा संपवून, कप विसळून, पालथा घालून मगच त्या उठायच्या. ऑपरेटर तोवर घाम पुसत उभा. "अरे, मेली असेल तर आता घाई कसली? आणि जिवंत असेल तर पाच मिनिटं थांबेल की."

चाकणला आमचा धंदा क्रेन, फोर्कलिफ्ट आणि लोडर भाड्याने देण्याचा. मी तिथला इनचार्ज. एवढ्या अजस्र यंत्रांचा जीव कशात असतो, हे बाहेरून बघून तुम्हाला ओळखता यायचं नाही. पायरीखालच्या पेटीत दोन काळ्या बॅटऱ्या असतात. त्या रुसल्या की चाळीस टन उचलणारी क्रेन स्वतः तसूभर हलत नाही. हे रुसवे काढायचं काम ताईंचं.

ताई पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालायला भराभर. अंगात कंपनीतून रिटायर झालेल्या नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, त्यावर रबरी ॲप्रन. बाह्यांना ॲसिडने पाडलेली बारीक बारीक भोकं. त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात बॅटऱ्या चार्ज करण्याच्या खोलीत होते. "बाकीच्या पोरींच्या बापांनी जत्रेतून बाहुल्या आणल्या, माझ्या बापाने हायड्रोमीटर आणला," असं त्या कौतुकाने सांगायच्या. हायड्रोमीटर म्हणजे काचेची नळी, वर रबरी फुगा. सेलमधलं ॲसिड त्यात ओढून घ्यायचं आणि आतला तरंगता काटा किती वर येतो ते बघायचं. काटा वर आला की बॅटरी भरलेली, बुडाला की रिकामी. हीच ती नाडी. पुढे त्यांनी आयटीआय केलं. वर्गात मुली तीन, त्यांतल्या दोघी शिवणकामाला निघून गेल्या.

बॅटरीला हात लावण्याआधी अंगावरचा सगळा धातू काढून ठेवायचा, हा त्यांचा कायदा. अंगठी, कडं, घड्याळ. दोन टर्मिनलच्या मध्ये पाना किंवा कडं आलं की ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा गॅस त्या ठिणगीची वाटच बघत असतो. त्या स्वतःही कामावर बांगड्या घालत नसत. नव्याने आलेल्या एका ड्रायव्हरने एकदा दबकत विचारलं, "ताई, मालक... म्हणजे मिस्टर आहेत ना?"

"ठणठणीत आहेत. घरी वरणाला फोडणी देतायत. बांगडीने शॉर्ट झालं तर मीच नसेन, आणि मग फोडणी खाणार कोण?"

त्या दिवसापासून त्या ड्रायव्हरने हातातलं कडं न सांगता काढून ठेवायला सुरुवात केली.

फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांना पाणी घालायचं ते चार्ज झाल्यावर, आधी नाही, हे त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल! "भरल्या पोटी पाणी दे. उपाशीपोटी पाजलंस की जेवताना सगळं बाहेर येतं." एकदा कुणीतरी बोअरचं पाणी ओतताना सापडला. ताईंनी त्याच पाण्याचा ग्लास भरून त्याच्यापुढे धरला. "घे. कसं लागतंय?" तो म्हणाला, "खारट." "मग? तू थुंकून तरी टाकशील. हिला थुंकता येतं का?"

त्यांच्या टेबलाच्या खणात खायच्या सोड्याची पाकिटं असायची, सांडलेलं ॲसिड मारायला. कॅन्टीनवाल्याला हे ठाऊक होतं. पावसाळी दुपारी तो हळूच येऊन एखादं पाकीट मागून न्यायचा आणि भजी व्हायची. ताई प्लेट पुढे ओढत म्हणायच्या, "आज मेंटेनन्स खात्याची भजी आहेत, नीट खा."

मला त्या 'भाऊ' म्हणायच्या. 'साहेब' म्हणाल्या की समजायचं, आपलं काही खरं नाही. तसं त्या मला एकाच प्रकरणात म्हणाल्या. ती गोष्ट सांगायलाच हवी.

आमची मोठी क्रेन लागोपाठ तीन सोमवारी सकाळी सुरूच झाली नाही. रविवारी यार्ड बंद. शनिवारी संध्याकाळी धडधडत आत येणारी क्रेन सोमवारी गपगार. तिकडे कंपनीच्या गेटवर मशीन उतरवायला माणसं खोळंबलेली, इकडे फोनवर फोन. क्रेनचा ऑपरेटर संतोष, परभणीकडचा. अबोल, कामाला चोख. सगळ्यांनी ठरवून टाकलं की हाच लाइट चालू ठेवून जातो.

ताईंनी पहिल्याच सोमवारी बॅटऱ्या तपासल्या होत्या. "दोन बॅटऱ्यांचे बाराही सेल सारखेच उतरलेत. एखादा सेल खराब असता तर तो एकटाच खाली गेला असता. भाऊ, बॅटरी आजारी नाही, उपाशी आहे. तिचं कोण खातंय ते शोधायला पाहिजे. मला एक शनिवार द्या."

मी 'बघू' म्हणालो. शनिवारी क्रेन उशिरा यायची, प्रत्येकाला घरी जायची घाई. त्यामुळे ते बघणं राहूनच गेलं.

तिसऱ्या सोमवारी मालक आले. मालक चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घरातले, बोलणं रोखठोक. "तीन येळा बॅटरी बसली, आता त्यालाच घरी बसव. ह्ये आसं चालायचं न्हाई."

मी नोटीस टाइप केली. 'कामात हलगर्जीपणा' असा शब्द घातला. हजेरीच्या वेळी, सगळ्यांसमोर, संतोषच्या हातात दिली. त्याने ती वाचली आणि सही करायला नकार दिला. "म्या लाइट बंद केली होती, सायेब. लेकराची शपत." मालकांनी त्याला सहीसाठी आठवडाअखेरची मुदत दिली, नाहीतर घरी.

ताई हे सगळं लांबून बघत होत्या. पुढे आल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, दोन रात्री आणि एक दिवस लाइट चालू राहिली असती तर गेटवरच्या वॉचमनला दिसली नसती का? त्याला विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं.

"शनिवारी संध्याकाळी थांबा. क्रेनची चावी तुमच्या खिशात ठेवा, म्हणजे नंतर कुणावर आळ नको."

शनिवारी क्रेन आली. संतोषने ती बंद केली, चावी माझ्या हातात दिली आणि लांब जाऊन टायरवर बसला. ताईंनी आधी करंट मोजायचा मीटर काढला, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली आणि तो मध्ये जोडला. यंत्र बंद असताना काटा जवळजवळ शून्यावर हवा. तो तीन अँपिअरच्या वर जाऊन उभा होता.

"चावी खिशात आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी चाचपून बघितली. होती.

मग त्यांनी एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. काटा हलेना. सातवा फ्यूज काढला आणि काटा धाडकन खाली आला. ताईंनी फ्यूज परत बसवला आणि त्या बाजूच्या रिलेंवरून, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या डब्यांवरून, एकेक करून बोट फिरवलं, आजारी मुलाच्या कपाळाला हात लावतात तसं. एका ठिकाणी बोट थांबलं.

"हा तापलाय. गाडी झोपली आणि हा जागा. भाऊ, हात लावून बघा."

त्या रिलेला बाहेरून एक नवीन वायर जोडलेली होती. ती धरून आम्ही मागे मागे गेलो, तर सीटखाली महिन्यापूर्वी बसवलेला ट्रॅकर निघाला. क्रेन कुठे आहे ते मोबाइलवर दिसावं म्हणून मीच मोठ्या हौसेने तो बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने वायर चुकीच्या जागी जोडली होती. त्यामुळे चावी काढली तरी क्रेनला वाटायचं, चावी लावलेलीच आहे. रविवारभर ती अशीच जागी राहायची.

ताईंनी वायर कापून तिच्या टोकाला टेप गुंडाळली. मग ॲप्रन सोडता सोडता शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ते पत्र सगळ्यांसमोर दिलं होतंत."

एवढंच. पुढचं मला समजलं.

सोमवारी क्रेन पहिल्या झटक्यात सुरू झाली. हजेरीला मी मालकांनाही बोलावलं, ट्रॅकरची हकीकत सांगितली आणि म्हणालो, "चूक माझी होती. संतोष, मला माफ कर." मालकांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "आरं, मग आमी उगाच पोराच्या मागं लागलो की!" संतोषने मान हलवली आणि क्रेनच्या मागे निघून गेला. परत आला तेव्हा त्याने हाताला लागेल त्या बोळ्याने डोळे पुसले होते आणि तोंडभर ग्रीस फासलं गेलं होतं. ताईंनी स्वच्छ फडका त्याच्यापुढे धरला. "पूस ते. लेकराने असं बघितलं तर ओळखायचं नाही."

त्यानंतरही त्या दोन-तीन वर्षं आमच्याकडे होत्या. बुद्धपौर्णिमेला सगळ्या यार्डाला पुरेल एवढी खीर आणायच्या. मग त्यांच्या मुलीला मुलगी झाली. मुलगी आणि जावई दोघेही आयटीतले, मारुंजीला भाड्याने राहणारे. बाळाला कुणीतरी हवंच होतं. ताईंनी सगळी हत्यारं पुसून, मोजून माझ्या ताब्यात दिली आणि गेल्या.

मागच्या महिन्यात एका सकाळी एक क्रेन अडून बसली. बॅटरी नवीन, चार्जही पूर्ण, पण चावी फिरवली की नुसती टकटक. न राहवून मी ताईंना फोन लावला.

"फोन स्पीकरवर टाका आणि स्टार्टरजवळ धरा," त्या म्हणाल्या. नव्या ऑपरेटरने चावी फिरवली. टकटकटकटक. पलीकडून बाळाचं कुरकुरणं येत होतं, त्याला थोपटल्याचा आवाजही. "पुन्हा एकदा. हं. करंट येतोय, पण वाटेत अडकतोय. निगेटिव्हची पट्टी चॅसीला बसते तिथला बोल्ट काढा आणि खालचा गंज घासा. पार चकचकीत होईपर्यंत. मी आहे फोनवर."

आम्ही घासायला लागलो. फोन पायरीवर ठेवलेला. त्यातून ताईंचं हलक्या आवाजातलं गाणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. पाने, पॉलिश पेपर हातात घेऊन पाच-सहा बाप्ये कान देऊन ते ऐकत होते. बोल्ट आवळला, चावी फिरवली आणि क्रेन धडाडून उठली.

"झाली ना सुरू?" ताई कुजबुजल्या. "छान. आता तेवढा आवाज बंद करा हो. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी फोन उचलून बाजूला जाणार, इतक्यात नव्या ऑपरेटरने घाईघाईने चावी फिरवून क्रेन बंदच करून टाकली. त्याला कुणी वेडा म्हटलं नाही. सगळे तसेच उभे राहिलो, पलीकडून फोन ठेवल्याचं कळेपर्यंत.