बालवाडीच्या बायांचं विज्ञान

तुम्ही म्हणता, एखादा किस्सा सांगा. अहो, एखादा कसा सांगू? एक ओढला की त्याच्यामागे दुसरा येतो, आणि मला अजून त्यातला एकही नीट समजलेला नाही!

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी मोहाडीत नववीला विज्ञान शिकवत होतो. वरून आदेश आला: बालवाडीच्या शिक्षिकांना तयार करा, चार वर्षांच्या पोरांना विज्ञान-तंत्रज्ञान शिकवायचंय. मी हेडमास्तरांकडे धावलो. "सर, शिकवायचं काय?"

"थे त मी तुमाले इचारणार होतो!"

* * *

पहिला धडा, तरंगणं-बुडणं. फळ्यावर दोन रकाने आखले आणि घमेल्यात वस्तू टाकायला लावल्या. लिंबू तरंगलं, खडा बुडाला. साबणाचा तुकडा पाण्यात टाकायला सांगून मी चहाला गेलो; परत आलो, तर आंधळगावच्या बालवाडीच्या कुसुमताई खडू घेऊन उभ्या.

"सर, साबण त संपला! कोन्या रकान्यात लिहू?"

* * *

मग मी नियमच केला: उत्तर सांगायचं नाही, उलट विचारायचं. उत्तरं मला तरी कुठं येत होती!

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी कुसुमताईंना विचारलं, "आज किती बाया आल्या?"

"तुमाले काय वाटते, सर?"

बिचारे चष्मा लावून मोजायला गेले.

* * *

तंत्रज्ञानासाठी माझ्या साडूने जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमधून बंद पडलेलं गजराचं घड्याळ पाठवलं. बायांनी ते खोललं, पुन्हा जोडलं. ताटलीत दोन चक्रं उरली आणि घड्याळ चालू!

"सर, हे दोन कायले होते?"

मी चक्रं खिशात टाकली आणि वर्ग सोडला.

* * *

शेवटच्या पाठाला भंडाऱ्याहून तपासणीच्या मॅडम आल्या. कुसुमताई पास झाल्या तरच त्यांची नोकरी राहणार होती, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. माझाच जीव टांगणीला लागला होता.

पाठ चुंबकाचा. पोरांनी कुसुमताईंच्या डोरल्याला लावून पाहिलं: सोन्याला चिकटत नाही. मग खिळा, दाराची कडी, सगळीकडे फिरले. एक चिमुरडी थेट मॅडमच्या सोन्याच्या बांगडीकडे गेली.

टक्! चिकटला!

मॅडम लालबुंद.

"बाई, तुमचा चुंबक खराब आहे."

कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणावं तर पाठ फसला, नाही म्हणावं तर नोकरी गेली!

"असंन, मॅडम," कुसुमताई शांतपणे म्हणाल्या. "पन एका डावानं नाही समजत. दुसरा हात द्या जी."

मॅडमनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"पास!"