जुन्या शहरात पाडलेला उजेड

राजेहो, आपण आयुष्यात एकदाच उजेड पाडला, तोही अकोल्याच्या जुन्या शहरात, मुलगी पाहायला गेलो तेव्हा!

मी अमरावतीला पीएचडी करतो. किती वर्षांपासून, ते विचारू नका. आता आईसुद्धा विचारत नाही. विषय बॅटरीचा. साधीसुधी नाही हं! लिथियम धातूची, कार्बन डायऑक्साइड घेऊन वीज देणारी. फक्त दोन-चारदा चार्ज केली की आत क्षाराचा थर बसतो अन् बाई मान टाकते. चार्ज करताना तो थर निघून जावा म्हणून मी एक मिश्रण शोधलं. बॅटरी टिकायला लागली. मग एवढा मोठा शास्त्रज्ञ रिकाम्या हातानं जाईल का?

बरणीच घेऊन गेलो! काचेची, घट्ट झाकणाची. आत तोच कार्बन डायऑक्साइड गॅस भरलेला, मध्ये बटणाएवढी बॅटरी, तिला जोडलेला इवलासा लाल दिवा.

पोहे राहिले बाजूला, सगळे बरणीभोवती जमले. मुलगी, प्रज्ञा, शाळेत विज्ञान शिकवते. तिनं बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, अन् चक्क हसली. मला ती तिथेच आवडली. खोटं कशाला बोलू?

मग काय, मी सुटलो! प्रदूषण, विजेवरच्या गाड्या, थेट मंगळ ग्रह! तिचे वडील वकील. कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, पण माझ्यापुढे तोंड उघडायची संधी मिळेना.

तेवढ्यात दिवा मंदावला.

"काहून जी, इझून राहिला का?" वकीलसाहेबांना अखेर संधी मिळाली.

"गॅस कमी पडला असेल. त्यात काय एवढं! आपण श्वासातून तोच तर सोडतो." मी ऐटीत झाकण उघडलं. "फुंका, काका!"

वकीलसाहेबांनी फुंकलं. मुलीच्या मामांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून येऊन फुंकलं. शेवटी मी स्वतः गाल फुगवून फुंकलं.

दिवा गेला. कायमचा.

प्रज्ञा हळूच म्हणाली, "पण श्वासात पाण्याची वाफ असते न? लिथियमले ओलावा चालते का?"

नाही चालत! ओलावा लागला की खेळ खल्लास. हे लिहिलंय कोणी? मीच! प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्यावर आहे!

वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली. "म्हंजे तुमची बॅटरी तोंडाच्या वाफेनं मरते?"

"हो."

"मंग तासभर तुमी तोंडाची वाफच तं दवडून राहिले होते जी! आमी कसेबसे वाचलो, ते बिचारी गेली."

मामा हसले. प्रज्ञा मात्र हसली नाही, अन् तेच मला जास्त लागलं.

आठवड्यानं मध्यस्थाकडून वकीलसाहेबांचा निरोप आला. आईनं तो जसाच्या तसा ऐकवला.

"बॅटरीत काई खोट नाई. झाकण फक्त बरणीऐवजी पोराले लावाले पायजे होतं."