मंगलच्या मुठीचा चमचा

दाराच्या चौकटीला एक कप्पी. उतरत्या जाडीच्या खुंट्यांची सागवानी फळी. डाव्या हाताला घालायची जीन्सची पिशवी. आमटी खायचा जाड दांड्याचा चमचा.

एवढं सगळं मी माझ्या हातानं बनवलं.

तरी बायको गेली.

आज वर्ष झालं.

शेवगावात माझं गेट-ग्रिलचं वर्कशॉप आहे. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही, बघून शिकलो. मंगलला स्ट्रोक आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हा मेंदूचंही तसंच शिकलो. व्हिडिओ थांबवून थांबवून.

तुटलेला जोड मी परत वेल्ड करतो. मेंदूत ते होत नाही.

हात हलवणारा जेवढा भाग मेला, तेवढा मेलाच.

पण शेजारचा भाग ते काम शिकू शकतो. अट एकच. लुळा असला तरी तोच हात वापरायचा. नाहीतर मेंदू त्याला सोडून देतो. हात वर ओढायची कप्पी, बोटांनी धरायच्या खुंट्या त्यासाठीच.

नगरच्या फिजिओ मॅडमही हेच म्हणाल्या. "काका, चांगला हात रोज थोडा वेळ बांधून ठेवा. सोपा हात मिळाला की मेंदू अवघड हाताकडं बघत नाही."

म्हणून ती पिशवी शिवली. दाभणानं, दुहेरी टाका.

मंगलनं उलटीपालटी करून बघितली. जीभ जड झाली होती, पण धार तीच.

"अहो, ही कशाला? डाव्या हातानं मी जन्मात घास खाल्ला न्हाई. आता खाईन व्हय?"

आणि खरंच, पिशवी खुंटीवरच राहिली. जेवायला, वाढायला, देवाला फूल वाहायला डावा हात तिला चालतच नव्हता. ताटापुढं बसली की उजवाच. तो थरथरत निघायचा, वाटेत सांडायचा. तोंडाशी पोचेपर्यंत आमटी गार.

माझी वहिनी भरवायला यायची. "अगं, हाल कशाला करून घेती? आ कर."

मंगल तोंड मिटून घ्यायची. मग म्हणायची, "तुमी भरवलं तर हा हात इसरंल, जाऊबाई."

मॅडम हसल्या. "काका, तुमच्या पिशवीपेक्षा काकूंची सवय भारी निघाली."

मला थोडं लागलं. शिवण चांगली होती.

चमचा मात्र तिनं वापरला. पातळ दांडा धरवेना, म्हणून पाईपला लावतात ती पुटी मळली, दांड्यावर चढवली आणि ओली असतानाच तिला मूठ आवळायला लावली. तीन बोटं नीट उमटली. करंगळी नाही. तिच्यात तेव्हा जीव आला नव्हता.

करंगळी हलली ती रानात ज्वारी पोटऱ्यात आल्यावर.

नवी ज्वारी दळून आणली त्या दिवशी तिनं परात पुढं ओढली. "सरका तिकडं."

उजव्या हातानं भाकरी थापली. एक कड जाड, एक फाटलेली.

"नकाशा झालाय," मी म्हणालो.

"मग आणा तुमची पट्टी अन् करा काटकोनात!"

मी ती अख्खी खाल्ली. चमचा तिनं धुऊन कपाटात ठेवला. "आता ह्याचं काम न्हाई."

दुसरा स्ट्रोक आला तो परातीपुढंच.

डॉक्टरांनी मेंदूची फिल्म दाखवली. जुना डाग. त्याला लागून नवा, मोठा.

"शेजारचाच भाग?"

"हो."

"म्हणजे जो शिकला होता, तोच?"

ते म्हणाले, फिल्मवरून तेवढं सांगता येत नाही.

त्यांचं बरोबर असेल. मला माझं कळलं. एवढे महिने दोघांनी मिळून जिथं जोड मारला, तिथूनच तुटलं. ती घरी परत आली नाही.

लोक म्हणतात, कष्ट वाया जात नाहीत.

जातात. मी बघितलंय.

आज तिचं पान वाढलं. भाकरी मीच थापली, उजव्या हातानं. मंगल, तुझ्या पहिलीपेक्षा वाईट झालीय. गोड मानून घे.

परवा नगरहून एक जण आला होता. पेशंटचं सामान विकतो. चमचा मुठीत धरून म्हणाला, "दादा, ह्याचा साचा काढतो. द्या मला."

त्याच्या तीन बोटांना खाचा सापडल्या. करंगळीला जागा सापडली नाही.

पंचवीस हजार देत होता.

नाही म्हणालो.