हळदीच्या रेघेपर्यंत

लग्न होऊन मी शहापूरच्या त्या घरात आले, तेव्हा माझी सासू मला घ्यायला दारात आली नाही. ती हातमागाच्या खड्ड्यात बसून लुगडं विणत होती. शेजारणींनी मला उंबऱ्याबाहेर उभं केलं, माप भरून ठेवलं, आणि आतून आवाज आला, "थांब गं पोरी जरा. एवढा पदर संपू दे."

डोक्यावर ऊन, अंगावर जड लुगडं, पोटात कावळे ओरडतायत आणि आत आपला सुताचा धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. पदर संपला तशी ती बाहेर आली. माझ्या फुगलेल्या तोंडाकडं बघून म्हणाली, "रागावलीस व्हय? कुरकुर कर, पर चल आत."

हे तिचं ठेवणीतलं वाक्य. विहिरीच्या रहाटाला, मागाच्या पायाखालच्या पावडीला, सुट्टी संपवून जड पायांनी परत निघालेल्या स्वतःच्या मुलाला, सगळ्यांना तिचं हेच सांगणं असे. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. गल्ली तिला भागाक्का म्हणायची. सासरे वारल्यावर त्यांचा माग तिने स्वतः चालवायला घेतला होता. बायकांनी सूत गुंडाळून कांड्या भरून द्याव्यात आणि पुरुषांनी विणावं, अशी गल्लीची रीत. त्यामुळे ते कुणाला फारसं रुचलं नव्हतं. तिच्या एकुलत्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विणकामाचा कंटाळा. तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून झाला. घरात आम्ही दोघीच, आणि तिसरा तो माग.

लढाईची वर्षं होती. सूत मिळेल तेव्हा विणायचं. एका पौषात कडोलीच्या एका नवरीचं लुगडं असं रखडलं, की लग्न तीन दिवसांवर आलं तरी हातभर विणायचं बाकी. त्यात आली अमावस्या. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी मागाला हात लावत नसे. आत्याबाई खड्ड्यात उतरली. "नवरी काय उघडी बोहल्यावर चढंल? मी बसते मागावर," म्हणाली आणि लुगडं पुरं करूनच उठली.

दुसऱ्या दिवशी तिचा उजवा हात वर जाईना. खरं सांगायचं तर महिनाभर आधीपासून तो खांदा ठणकत होता. त्या कुशीवर तिला झोपता येत नव्हतं. पण हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यामुळे गल्लीने चटकन निकाल लावला : माग कोपला. माझे चुलतसासरे रामाप्पा, तिचे धाकटे दीर, मान हलवत आले. "वैनी, अमुशाला माग चालवलासा न्हवं? आता हात झोळीत बांधा आणि गप बसा. त्याचा राग उतरू द्या." रामाप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं, आणि मलाही.

कधी नव्हे ती आत्याबाई घाबरली आणि तिने सगळ्यांचं ऐकलं. आपणच विणलेल्या लुगड्याच्या तुकड्याची झोळी केली आणि हात गळ्यात बांधून बसली. कणकुंबीकडच्या एका वैदूने रानातल्या कसल्याशा तेलाने चोळलं. एकाने तापल्या सळईने डाग द्यायचं सुचवलं, तेव्हा मात्र तिने त्याला दाराबाहेर काढलं. होळीपर्यंत हात झोळीत राहिला. ठणका जरा कमी झाला, पण झोळी सोडली तर हात छातीच्या वर जाईना, पाठीमागे वळेना. खांद्याचं जणू लाकूड झालं होतं.

या काळात तिची वेणी मी घालत असे. तिला ते अजिबात सोसत नसे. आजवर तिच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मी फणी फिरवायची. एकदा तिचे खांदे हलताना दिसले, तेव्हा कळलं की ती रडते आहे. मी फणी थांबवली नाही. थांबवली असती तर तिला कळलं असतं की मी पाहिलं.

पाडव्याला रामाप्पा पुन्हा आले. माग बंद पडून वाया चालला आहे, आपल्या घरी नेतो, वैनींनी तिकडे येऊन सावलीत बसून कांड्या भराव्यात, असं त्यांचं म्हणणं. आत्याबाईचा चेहरा उतरला. दुसऱ्याच्या मागाला कांड्या भरायच्या, म्हणजे तिच्या लेखी सगळंच संपलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "भावजी, खंडेनवमीपतोर थांबा."

आमच्या घरात एक रीत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मागाची पूजा झाली, की जो माग चालवतो त्यानेच मागाच्या खांबावरच्या तुळईच्या खुंटीला झेंडूची माळ अडकवायची, तीही उजव्या हाताने. "माळ मी चढवली तर माग हितंच ऱ्हाईल. न्हाय चढली तर तुम्ही न्या, मी कांड्या भरीन." रामाप्पांनी त्या लुळ्या हाताकडे बघितलं आणि बिचाऱ्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी तिला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात सगळीकडून हलवून बघितला आणि कानडीत म्हणाल्या, हाड मोडलेलं नाही, सांधा आखडलाय. दुखेल, तरी रोज थोडा थोडा हलवा. सुटायला महिनेच्या महिने लागतील. परतताना आम्ही खासबागेपर्यंत आलो. आत्याबाई एकदम थांबली. "सुंद्रे, आपला माग किती दिस बंद हाय?"

"दोन महिनं झालं."

"पावडी दाबून बघितलीस? दगडागत झालीया. माग बंद ठेवला की आखडतो, ह्ये मला ठावं. आणि हाताला मीच झोळीत बांधून ठिवला! लई शाणी मी!" आणि भर रस्त्यात ती हसत सुटली.

घरी आल्या आल्या तिने मला सुताने खुंटीची उंची मोजायला लावली, आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर हळदीची रेघ ओढायला लावली. रोज सकाळी शेकाच्या गरम फडक्याने खांदा मऊ करायचा, मग भिंतीसमोर उभं राहून उजव्या हाताची बोटं एकेक करत वर चढवायची. बोटं थांबतील तिथं मी गेरूची रेघ मारायची. पहिली रेघ तिच्या छातीशी होती. हळद कुठं आणि गेरू कुठं! बोटं चढताना ती दातांवर दात दाबून म्हणायची, "कुरकुर कर, पर चल. चल गं भवाने." दुपारी तुळईवरून दोरी टाकून डाव्या हाताने उजवा वर ओढायची. संध्याकाळी वाकून भरलेला तांब्या हातात लोंबता धरायची आणि झुलवायची. गल्लीतल्या बायका दारातून बघून तोंडाला पदर लावत. ती म्हणायची, "हसा गं, हसा. फुकटचा तमाशा हाय."

ज्येष्ठात पंधरा दिवस रेघ एका जागी अडकली. मला तिची दया आली. एका सकाळी मी रेघ दोन बोटं वर मारली. तिने मागे सरून बघितलं, ओल्या फडक्याने ती रेघ पुसली आणि म्हणाली, "तुझ्या दयेनं माळ चढणार हाय का? खरं माप मार." मी खाली मान घालून खरी रेघ मारली. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

आषाढ गेला, श्रावण गेला. गेरूच्या रेघा भिंतीवर शिडीसारख्या चढत गेल्या. भाद्रपदात ती पुन्हा खड्ड्यात बसली आणि हळूहळू धोटा टाकू लागली. पण खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिची बोटं थांबली, ती हळदीच्या रेघेच्या चार बोटं खाली. माझा धीर सुटला. ती जेवून शांत झोपली.

सकाळी सगळी गल्ली जमली. मागाची पूजा झाली. रामाप्पांनी हळूच पाट पुढे सरकवला. "वैनी, पाटावर चढा, चालतंय." त्यांचं ते मन मोठंच होतं. तिने पाट पायाने बाजूला सारला. माळेचा फास मधल्या बोटात अडकवला आणि मागाच्या खांबाला पंजा टेकला. मग बोटं निघाली, भिंतीवर निघायची तशीच, एक, दोन, एक, दोन. खुंटीच्या चार बोटं खाली हात थांबला. तिच्या कपाळावर घाम आला. ओठ हलताना मला दिसत होते आणि ती काय म्हणते आहे हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मीही मनातल्या मनात तेच म्हणू लागले. एक बोट हललं. मग दुसरं. ती "आई गं!" म्हणून ओरडली, आणि फास खुंटीत बसला.

झेंडूची माळ मागावर झुलू लागली. बायकांनी एकच गलका केला. ती मात्र हात तसाच वर धरून उभी होती, खाली घ्यायला तयारच नाही. रामाप्पांचे डोळे भरून आले. "वैनी, आता हात खाली घ्या की. माग तुमचाच." ती म्हणाली, "व्हय तर. नारळ मातुर तुम्ही फोडा, भावजी." पुढे रामाप्पांच्या बायकोची पाठ धरली, तेव्हा ते तिला घेऊन आमच्याच घरी आले, वैदूकडे गेले नाहीत.

आत्याबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं विणत होती. गेली तेव्हा मागावर अर्धं लुगडं होतं. ते मी पुरं केलं. भिंतीला दरवर्षी चुना लागतो, पण त्या रेघांचा पट्टा मी सोडायला लावते.

पण मला आठवते ती खंडेनवमीची संध्याकाळ. नेहमीसारखी मी फणी घेऊन तिच्या मागे बसायला गेले. मनात उगाच वाटत होतं, आता आपली गरज संपली. तिने माझ्या हातातून फणी घेतली. "आण हिकडं. बस तू म्होरं." आणि त्याच उजव्या हाताने ती माझे केस विंचरू लागली. आठ महिन्यांचा सगळा जोर त्या हातात आला होता. गुंता ओढला तशी मी कळवळले.

"कुरकुर कर," ती मागून म्हणाली, "पर हलू नगंस."