निर्वंश म्हटलेल्या उमाची नोंद

शिरीषकाका जर्मनीत आले ते मुलाकडे, झिंडेलफिंगेनला. पण कुलवृत्तांताची नवी आवृत्ती छपाईला जायची होती, आणि फाइल होती जवळच्याच गेर्लिंगेनला, निशिगंधाकडे; म्हणून ते तिच्या घरी आले. दिवसा ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या या पुतणीनं पानांची सगळी मांडणी आपणहून अंगावर घेतली होती. काका कौतुकानं सांगत, "घरचीच मुलगी."

जुन्या आवृत्तीचे संपादकही काकाच. तीत निशिगंधाच्या खापरपणजोबांपुढे छापलंय : निर्वंश. तिचे बाबा दुरुस्ती मागायला गेले, तेव्हा काका चारचौघांत म्हणाले, "गरीबखान्यातली पोरं आडनाव वाट्टेल ते लावतात हो." बाबा नंतर भावकीतल्या एकाही लग्नाला गेले नाहीत. वारले ते तसेच.

"दे बरं फाइल," काका म्हणाले.

"आधी हे बघा."

स्क्रीनवर तिरकं, जुन्या वळणाचं जर्मन हस्ताक्षर. दुष्काळात आपल्याकडे गरीबखाना चालवणाऱ्या एका मिशनची दफ्तरं श्टुटगार्टला आहेत. ती वाचायला निशिगंधा दोन हिवाळे ती लिपी शिकली होती.

"वाचते. 'उमा, विधवा. सोबत मुलगा, वय चार. दीर बाळकृष्ण याने स्वतःच्या बैलगाडीतून आणले. घरात दाणा नाही म्हणतो.' पुढं मिशनच्या शिरगणतीत तो मुलगा दरवर्षी आहे. ते माझे पणजोबा. बाळकृष्ण तुमचे."

काकांनी चष्मा पुसला. "दुष्काळ होता गं. सगळ्यांचेच हाल."

"गावोगाव जनावरं मरत होती, काका. यांचे बैल गाडी ओढत होते. काय खाऊन?"

काका म्हणाले, "बरं, उमाचा वंश दाखवू. झालं?"

"ते मी केव्हाच घातलंय. आता बाळकृष्णांच्या परिचयात एक वाक्य हवंय. तुम्ही लिहायचं." तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

"अगं, त्यांचा फोटो आमच्या देवघराशेजारी आहे."

"मग तोही छापू. वाक्याच्या वरतीच."

काकांनी एका बोटानं टाइप केलं : 'भावजयीची सोय गरीबखान्यात केली.'

"सोय?"

खोडलं. 'भावजयीला गरीबखान्यात सोडले.'

"आणि पुतण्याला?"

तेही आलं. काकांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "माफी मागतो, पोरी. एवढं गाळ."

"माझी कशाला? बाबांची मागायची होती, ते होते तेव्हा."

तिनं त्यांच्यादेखत फाइल पुण्याच्या छापखान्याला पाठवली. मुखपृष्ठावर संपादक म्हणून काकांचं नाव तिनं आणखी मोठ्या अक्षरात केलं होतं.