बर्फावर जावं की न जावं

नव्वदीच्या दशकात, गुडगाव अजून अर्धं शेतांचं आणि अर्धं काचेचं होतं तेव्हा, मी तिथल्या एका कंपनीत नोकरीला लागले. घर दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून मिळालेलं क्वार्टर. एका जानेवारीत साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसातल्या तीस जणांना चार दिवस कुठेतरी न्यायचं होतं, आणि त्यांच्या डोक्यात कुणीतरी स्कीइंग भरवलं होतं. गढवालमध्ये, खूप उंचावर, बर्फाचे उतार होते म्हणे.

"आप जाकर देखिए," ते म्हणाले. "फायदे क्या, नुकसान क्या, एक पन्ने में लिखकर लाइए."

मी दिल्लीत वाढलेली. मला बर्फ माहीत होता तो फ्रिजच्या वरच्या कप्प्यात साठणारा, सुरीने खरवडायचा. त्यामुळे मी दिसेल त्याला विचारत सुटले. आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी त्याच भागातले होते. ते हसायलाच लागले. "बेटी, हम तो उस बर्फ से भागकर यहाँ आए हैं, और तुम पैसे देकर जाओगी?" मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं की बर्फ कधी पडेल याचा भरवसा नसतो, आणि पडला की रस्ता कधी बंद होईल याचाही नसतो. दोन्ही गोष्टी मी वहीत 'विरुद्ध' या रकान्यात लिहिल्या.

एकटीने जायचं नाही, असं आईने बजावलं. बाबा पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "मी जातो तिच्याबरोबर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दौऱ्यांच्या फायली पाहिल्या. एक दौरा मलाही करू दे." करोल बागेतून आम्ही लोकरीचे हातमोजे आणि कानटोप्या आणल्या आणि फेब्रुवारीत निघालो.

ऋषिकेशपासून जीपने अख्खा दिवस गेला. डोंगरातल्या गावात मुक्काम करून सकाळी रोपवेने वर चढलो. दार उघडून पाऊल टाकलं तर कोरड्या साबुदाण्यावर पाय पडावा तसा आवाज आला. मी चार-पाच वेळा मुद्दामच पाय आपटून पाहिला.

शिकवणारे सैन्यातून निवृत्त झालेले एक पहाडी गृहस्थ होते. त्यांनी तासभर फक्त पडायला शिकवलं. कुशीवर पडायचं, हात टेकायचे नाहीत. मग टाचा बाहेर आणि बोटं आत दाबून थांबायला. मी किती वेळा पडले ते मोजायचं सोडून दिलं. पण दुपारी एकदा न पडता दहा-बारा पावलांइतकं घसरत गेले आणि आपली आपण थांबले. घाबरले होते, आणि लगेच पुन्हा वर जावंसंही वाटत होतं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

बाबा बाकावर बसून माझ्यासाठी टिपणं काढत होते. मी परत आले तेव्हा वही मांडीवर मिटलेली होती आणि डोकं हातात धरलेलं.

"काही नाही गं, जरा दमलोय," ते म्हणाले. पण प्यायलेला चहा त्यांनी ओकून टाकला होता. शिक्षकांनी त्यांना सरळ रेषेत चार पावलं चालायला सांगितलं. बाबा तिरके गेले.

"ऊँचाई लगी है. आराम से ठीक नहीं होगा, अभी नीचे ले जाइए."

रोपवेपाशी गेलो तर वाऱ्यामुळे तो थांबवलेला. बाबा डोळे मिटून बसले होते. मधेच म्हणाले, "विचार त्यांना, वारा किती असला की बंद करतात?"

"बाबा, गप्प बसा ना जरा!"

"अगं, तुझ्या कागदात लागेल हे."

मी रडू आवरत जाऊन विचारलं. आणि लिहूनही घेतलं. अर्ध्या तासाने वारा पडला आणि आम्ही खाली आलो. संध्याकाळपर्यंत बाबांची डोकेदुखी उतरली आणि त्यांनी दोन वाट्या खिचडी मागून खाल्ली. इतक्या उंचीवर एकदम चढू नये, खाली दोन दिवस राहून मग जावं, हे आम्हाला लॉजवाल्याने तेव्हा सांगितलं. सगळ्यांना विचारत सुटलेल्या मला हा एकच प्रश्न सुचला नव्हता.

दिल्लीला येऊन अहवाल लिहायला बसले. रस्ता, वारा, उंचीचा त्रास, सगळे तोटे भराभर उतरले. फायद्यांपाशी पेन अडलं. डोंगर सुंदर आहे, एवढंच लिहिलं तर ते खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. शेवटी एका पानाची दोन झाली.

साहेबांनी ती वाचली. "तो जाएँ कि न जाएँ?"

"सर, तीस लोग न जाएँ. जिसका मन हो, वो जाए. और पहले दो दिन नीचे रहे."

कंपनी जयपूरच्या एका हॉटेलात गेली. पण त्यानंतर कित्येक दिवस कुणी ना कुणी माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचं, पडल्यावर लागतं का गं? पुढच्या फेब्रुवारीत ऑफिसातल्या आम्ही तिघी स्वतःच्या रजा टाकून निघालो. चौथे बाबा. डॉक्टरांना दाखवून, त्यांच्याकडून होकार घेऊन आले होते.

या वेळी खाली दोन दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी वर गेल्यावर त्यांचं डोकं दुखलं नाही. त्यांनी बूट चढवले, स्की बांधल्या, आणि तिसऱ्याच पावलाला ते आडवे झाले. मी धडपडत त्यांच्याकडे गेले.

"लागलं का बाबा?"

"थांब, इकडे बघ." त्यांच्या स्कीच्या काठीने बर्फात खोल भोक पडलं होतं. त्यात डोळा लावून ते म्हणाले, "आत निळं आहे गं. वरून पांढरं आणि आत चक्क निळं!"

मी त्यांच्याशेजारी बर्फात आडवी झाले आणि भोकात पाहिलं. खरंच निळं होतं.